पारा चढतो तेव्हा काय काय बदलते?

एप्रिल उजाडला, की 'नांदेडचा पारा चाळिशीपार' ही बातमी ठरलेली असते. चार दिवसांनी लातूरचे नावही तिच्यात जोडले जाते. वाचक ती वाचतात, घाम पुसतात आणि पुढच्या पानाकडे वळतात. मात्र, पारा चढतो तेव्हा केवळ माणसालाच उकडत नाही. धरणातले पाणी, रेल्वेचा रूळ, तोडून ठेवलेला ऊस, लसीची कुपी, हरभऱ्याचे फूल आणि दावणीची गाय या सर्वांच्या अंतरंगात त्याच वेळी काही ना काही घडत असते. वरवर पाहता या घटनांचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मात्र त्या सर्वांचे मूळ एकाच ठिकाणी शोधते. ते म्हणजे पदार्थातील रेणूंची हालचाल.

अंश म्हणजे नेमके काय?

कोणत्याही पदार्थाचे रेणू स्थिर नसतात. घन पदार्थात ते जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांवरून घसरतात आणि वायूत मोकाट धावतात. तापमान म्हणजे या धावपळीच्या सरासरी ऊर्जेचे माप होय. स्वीडिश शास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस यांनी 1742 मध्ये सुचविलेली मोजपट्टी पाण्याच्या गोठण्यावर आणि उकळण्यावर बेतलेली आहे. त्यामुळे 40 अंश म्हणजे 20 अंशांच्या दुप्पट उष्णता, असा समज होतो. तो चुकीचा आहे. खरे शून्य उणे 273.15 अंशांवर आहे. तेथून मोजले, तर 20 अंश म्हणजे 293 आणि 40 अंश म्हणजे 313. दोहोंतील फरक जेमतेम 7 टक्क्यांचा.

मग इतक्या थोड्या वाढीने एवढा हाहाकार का माजतो? याचे उत्तर लातूरकरांना चटकन उमजेल. एकेकाळी गुणवत्ता यादीमुळे राज्यभर गाजलेल्या 'लातूर पॅटर्न'चे उदाहरण घ्यावे. एखाद्या परीक्षेत सर्व विद्यार्थ्यांची सरासरी 60 गुणांवरून 64 वर गेली, तर बातमी लहानच म्हणावी लागेल. पण त्याच वेळी 90 च्या पुढे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या दुप्पट होऊ शकते. सरासरी किंचित सरकली, तरी उंबरठ्यापलीकडे जाणाऱ्यांची संख्या भराभर वाढते. रेणूंचेही असेच असते. पाण्याच्या पृष्ठभागावरून निसटायला किंवा रासायनिक प्रक्रियेत भाग घ्यायला रेणूला ठरावीक किमान ऊर्जा लागते. तापमान थोडे वाढले, तरी तो उंबरठा ओलांडणारे रेणू कितीतरी पटींनी वाढतात.

धरणातून आकाशात

याचा सर्वांत महागडा प्रत्यय मराठवाड्याला पाण्याच्या बाबतीत येतो. 20 अंशांवरील हवा जेवढी वाफ सामावून घेऊ शकते, त्याच्या तिपटीहून अधिक वाफ 40 अंशांवरील हवेत मावते. त्यातच एप्रिल-मेमधील मराठवाड्याची हवा कोरडी असते आणि वारा वाहता असतो. परिणामी उघड्या जलाशयाची पातळी केवळ बाष्पीभवनाने दिवसाला आठ-दहा मिलिमीटर उतरू शकते.

हा आकडा किरकोळ वाटतो. पण एक चौरस किलोमीटर पसरलेल्या पाण्याची पातळी एक सेंटीमीटरने घटली, तर तब्बल एक कोटी लिटर पाणी उडून गेलेले असते. ही राशी किती मोठी आहे, हे लातूरने अनुभवले आहे. सततच्या अपुऱ्या पावसामुळे आणि वाढत्या उपशामुळे शहराला पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च 2016 मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करण्याची वेळ प्रशासनावर आली. 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून सुमारे 340 किलोमीटरचा प्रवास करून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वे लातुरात दाखल झाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली. तिची एक खेप सुमारे 25 लाख लिटरची. म्हणजे एक चौरस किलोमीटर जलाशयावरून उन्हाळ्याच्या एका दिवसात जे पाणी उडते, ते भरून काढायला अशा चार गाड्या लागतील.

मांजरा केवळ बाष्पीभवनाने आटले, असे म्हणणे अर्थातच चुकीचे ठरेल. पाऊस आणि वापर ही मुख्य कारणे होती. तरीही पाणी कोठे साठवावे, याचा विचार करताना तापमान विसरून चालत नाही. उथळ आणि पसरट तळ्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून त्याची नासाडीही मोठी. तेवढेच पाणी खोल शेततळ्यात साठवले, तर ते कमी उडते. जमिनीत मुरवून विहिरीत ठेवलेल्या पाण्यापर्यंत ऊन पोहोचतच नाही.

माठाचे गणित

ज्या बाष्पीभवनाने धरण रिते होते, त्याच बाष्पीभवनाने माठातले पाणी गार होते. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपलेल्या पाण्यातील सर्वांत वेगवान रेणू हवेत निसटतात. मागे उरतात ते मंद रेणू. त्यांची सरासरी ऊर्जा कमी, म्हणून पाणी गार. हवा 42 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर या पद्धतीने पाणी सैद्धांतिकदृष्ट्या 24 अंशांपर्यंत उतरू शकते. वाळ्याच्या ताट्या आणि घरोघरचे कूलर यांचे तत्त्वही हेच आहे.

जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या, की हाच कूलर निरुपयोगी का ठरतो, हेही यावरून स्पष्ट होते. पारा 36 अंशांवर उतरलेला असतो, पण आर्द्रता 60 टक्क्यांवर गेलेली असते. अशा हवेत कूलरला कितीही पाणी पाजले, तरी 29 अंशांच्या खाली उतरण्याची सोय नसते. आकडा कमी आणि उकाडा जास्त, या विरोधाभासाचे कारण तापमापकात नसून हवेतील ओलाव्यात आहे. नांदेडकर मुंबईत गेला, की 34 अंशांतही हैराण होतो, तो याचमुळे.

नांदेड आणि लातूर यांच्यातही फरक आहे. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास वसले आहे, तर लातूर बालाघाटच्या पठारावर पाचशे-सहाशे मीटर उंचीवर आहे. साधारणपणे दर हजार मीटर उंचीला तापमान साडेसहा अंशांनी उतरते. त्या हिशेबाने लातूरच्या वाट्याला अंश-दीड अंशाची सवलत निसर्गतःच आली आहे.

रूळ का वाकतात?

ज्या रुळांवरून 'जलदूत' धावली, ते रूळही त्या उन्हात मोकळे नव्हते. रेणू जोराने थरथरू लागले, की एकमेकांपासून किंचित दूर सरकतात आणि पदार्थ प्रसरण पावतो. एक किलोमीटर लांबीच्या मोकळ्या पोलादी रुळाचे तापमान 50 अंशांनी वाढले, तर त्याची लांबी सुमारे 60 सेंटीमीटरने वाढते. थंडीतील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांमध्ये रुळाच्या तापमानात एवढा फरक सहज पडतो. भर दुपारी हवा 43 अंशांवर असताना उन्हात तापलेला रूळ साठीच्या पुढे गेलेला असतो.

पूर्वी दर 13 मीटरच्या रुळानंतर फट ठेवली जाई. जुन्या प्रवाशांच्या कानात घुमणारा 'खडाक् खडाक्' आवाज त्या फटींचा होता. आता रूळ लांबवर सलग जोडलेले असतात. त्यांना लांबण्यास जागा नसल्याने वाढीचे रूपांतर दाबात होते. रुळाच्या जाडीनुसार प्रत्येक अंशाला दीड-दोन टनांचा दाब प्रत्येक रुळात साठत जातो. पंचवीस अंशांत तो चाळीस-पन्नास टनांवर पोहोचतो. स्लीपर आणि खडी हा दाब पेलून धरतात. खडी कमी पडली किंवा सैल झाली, तर रूळ बाजूला वाकू शकतो. त्यासाठीच रूळ बसविताना त्या भागातील सरासरीच्या आसपासचे तापमान निवडले जाते आणि त्यापेक्षा रूळ ठरावीक अंशांनी अधिक तापला, की रेल्वेचे कर्मचारी भर उन्हात पायी गस्त घालतात. गाडीत बसलेल्यांना ती गस्त क्वचितच दिसते.

दर दहा अंशांना दुप्पट

रासायनिक प्रक्रियांवरील तापमानाचा परिणाम याहून तीव्र असतो. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये त्याचे सूत्र मांडले. पुढे 1903 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यवहारात या सूत्राचा ढोबळ अर्थ असा, की तापमान दहा अंशांनी वाढले, की अनेक प्रक्रियांचा वेग दुप्पट होतो. वीस अंशांनी वाढले तर चौपट.

सकाळचे दूध दुपारपर्यंत नासते आणि शीतकपाटात ते दोन दिवस टिकते, ते यामुळेच. लातूर जिल्ह्याच्या अर्थकारणाचा कणा असलेल्या उसाचीही तीच गत आहे. तोडणी झाली, की उसातील साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन सुरू होते. या दोन शर्करा गोड असल्या, तरी त्यांची दाणेदार साखर बनत नाही. थंडीत हा ऱ्हास सावकाश चालतो. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबला आणि उसाच्या गाड्या कारखान्याच्या आवारात उन्हात ताटकळल्या, तर उसाचे वजनही घटते आणि उताराही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा, हा आग्रह त्यासाठीच असतो.

विजेच्या डीपीचे दुखणेही याच जातीचे आहे. रोहित्रातील तेल आणि कागदी आवरण उष्णतेने हळूहळू कुजत जाते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा सतत सहा ते दहा अंश अधिक तापमानात चालणाऱ्या रोहित्राच्या आवरणाचे आयुष्य निम्म्यावर येते. उन्हाळ्यात कूलर आणि कृषिपंपांचा भार वाढतो, भोवतालची हवा तापलेली असते, आणि नेमक्या गरजेच्या वेळी डीपी जळते.

रासायनिक प्रक्रियेच्या या स्वभावाचा माणसाने उपयोगही करून घेतला आहे. पोलिओच्या लसीच्या कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात एक फिकट चौकोन असतो. चौकोनातील रसायन उष्णतेने गडद होत जाते. तापमान जितके अधिक, तितका वेग अधिक. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल, तोवर लस वापरता येते. दोहोंचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला, की कुपी बाद. भारनियमनाच्या दिवसांत, वीज नसलेल्या वाडी-तांड्यावर बर्फाच्या डब्यातून लस नेणाऱ्या आरोग्य सेविकेला ही लस किती तापली आणि किती वेळ तापली, याचा हिशेब तो चौकोन एका नजरेत सांगतो.

जिवंत पेशीची लक्ष्मणरेषा

प्रक्रियांचा वेग तापमानासोबत वाढतच जातो, तर उन्हाळ्यात पिके दुप्पट वेगाने का वाढत नाहीत? येथे जीवशास्त्र वेगळे वळण घेते. सजीवांतील प्रक्रिया विकरे नावाची प्रथिने घडवून आणतात. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली लांब साखळी. ठरावीक तापमानापर्यंत विकरांचे काम वाढते. त्यापुढे ती घडी मोडू लागते आणि काम एकदम ढासळते. अंड्याचा पातळ पांढरा बलक तव्यावर घट्ट होतो आणि थंड केला तरी पूर्ववत होत नाही. ती मोडलेल्या घडीचीच खूण आहे. रूळ थंड झाला, की आपली मूळ लांबी गाठतो. पेशीला मात्र परतीचा रस्ता नेहमीच मिळत नाही.

पिकांत सर्वांत नाजूक अवस्था फुलोऱ्याची. हरभरा हे थंडीचे पीक. फुलोऱ्यात दुपारचे तापमान 35 अंशांच्या पुढे गेले, तर परागकण निकामी होतात आणि फुले गळतात. गव्हाचा दाणा भरताना उष्णता वाढली, तर पीक लवकर पिकते आणि दाणा बारीक राहतो. मार्च 2022 हा देशातील 1901 पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाच्या उत्पादनाला फटका बसला आणि मे महिन्यात केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबविली.

पाण्याचा ताण आला, की हा धोका दुणावतो. झाडेही एका अर्थाने घामच गाळतात. पानांवरील रंध्रांतून पाणी उडते आणि पान गार राहते. जमिनीत ओल नसेल, तर झाड पाणी वाचविण्यासाठी रंध्रे मिटून घेते. मग पान हवेपेक्षाही अधिक तापते. ऑगस्ट 2023 हा देशातील 1901 नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. अशा खंडात शेंगा भरण्याच्या बेतातील सोयाबीनवर तहान आणि ताप हे दोन्ही घाव एकाच वेळी पडतात.

ज्वारी, मका आणि ऊस यांची अन्न तयार करण्याची पद्धत उष्णतेला अधिक सरावलेली आहे. सोयाबीन, हरभरा आणि गहू यांच्या पानांतील मुख्य विकर उष्णता वाढली, की कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन पकडू लागते आणि मेहनत वाया जाते. ज्वारीने ही चूक टाळण्याची व्यवस्था पानातच केलेली आहे. 1990 च्या दशकानंतर मराठवाड्याच्या काळ्या रानात ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. त्यामागे बाजारभावाचे कारण होते. मात्र, तापत्या हवामानात या अदलाबदलीची आणखी एक किंमत मोजावी लागते, हे ध्यानात घ्यायला हवे.

देवणी, लाल कंधारी आणि गोदेतील मासे

जनावरांच्या बाबतीत या भागाने स्वतःचे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी हे दोन्ही गोवंश याच मातीत घडले. सैल कातडी, मोठी पोळी, आखूड केस आणि अधिक घर्मग्रंथी यांमुळे त्यांच्या शरीरातील उष्णता सहज बाहेर पडते. थंड प्रदेशातील होल्स्टीनचा संकर असलेली गाय दूध अधिक देते, पण तितकीच उष्णताही शरीरात निर्माण करते. ऊन वाढले, की ती चारा कमी खाते, धापा टाकते आणि दूध आटते.

पाण्यातील जिवांची अडचण निराळी आहे. 20 अंशांवरील एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर 35 अंशांवर तो 7 मिलिग्रॅमवर येतो. पाणी तापल्याने माशांचा श्वसनाचा वेग वाढतो, म्हणजे ऑक्सिजनची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात सांडपाणी मिसळले, तर ते कुजविणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही संपवितात. उन्हाळ्यात आटत्या नदीच्या डोहांत मासे मरून वर येतात, तेव्हा दरवेळी विषप्रयोगच झालेला असतो असे नाही. अनेकदा ते गुदमरलेले असतात.

भिंतींची आठवण

उष्णतेला अडविण्याचे जुने साधन म्हणजे घर. मराठवाड्यातील दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद यांतून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र उलटून जाई. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने याच भिंती कोसळल्या. जड माळवदाखाली आणि दगडांखाली माणसे झोपेतच गाडली गेली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार जणांचा बळी गेला. त्यानंतर 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले आणि दगडमातीच्या घराची धास्ती लोकांच्या मनात कायमची बसली.

ती धास्ती सकारण होती. मात्र, सिमेंटची पातळ भिंत आणि डोक्यावर पत्रा असलेले घर उष्णतेला थोपवू शकत नाही. पत्रा तासाभरात तापतो आणि आतल्या माणसांवर उष्णता फेकत राहतो. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती आत सोडतो. भूकंपात टिकणारे आणि उन्हाळ्यात राहण्याजोगे घर बांधणे अशक्य नाही. छताला पांढरा चुना देणे, वर सावली करणे, समोरासमोर खिडक्या ठेवणे हे उपाय फारसे खर्चीक नाहीत. पण घरकुलाचा विचार करताना भक्कमपणाइतके महत्त्व तापमानाला दिले जात नाही.

माणसाची मर्यादा

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. मानवी शरीराचा सारा कारभार 37 अंशांच्या आसपास बेतलेला आहे. हवा त्याहून तापली, की शरीराला थंड ठेवण्याचा एकच मार्ग उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो शरीरातील सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण घामासाठी पाणी आणि मीठ लागते, आणि तो वाळण्यासाठी कोरडी हवा. यांपैकी एकाचीही उणीव भासली, तर शरीराचे तापमान वाढू लागते. ते 40 अंशांच्या पुढे गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा भोवळ येऊन पडला, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतणे, वारा घालणे आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविणे यांत क्षणाचाही विलंब होता कामा नये. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान 40 अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असेल, किंवा थेट 45 अंशांवर पोहोचले, तर उष्णतेची लाट मानली जाते. हे आकडे सावलीतील हवेचे असतात. ऊसतोड मजूर, रस्त्यावरील डांबर पसरविणारे कामगार, हमाल आणि रुळांवर गस्त घालणारे कर्मचारी यांना मिळणारी उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. 2010 मधील लाटेचा तडाखा सोसल्यानंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा लागू केला. कामाच्या वेळा बदलणे, पाणी आणि सावलीची सोय करणे, आगाऊ इशारा देणे या त्यातील साध्या गोष्टी पुढे इतर शहरांनीही उचलल्या.

ज्या अऱ्हेनियस यांनी प्रक्रियांच्या वेगाचे सूत्र दिले, त्यांनीच 1896 मध्ये वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचे गणित मांडले होते. 2024 या वर्षी जगाचे सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या पातळीपेक्षा दीड अंशाहून अधिक नोंदले गेले. दीड अंश ऐकायला थोडा वाटतो. पण उंबरठ्याशी उभ्या असलेल्या प्रत्येक गोष्टीला तेवढाही पुरतो. हरभऱ्याचे फूल, आटत चाललेला डोह आणि पत्र्याखाली झोपलेले तान्हे मूल हे तिन्ही मराठवाड्यात त्या उंबरठ्याशीच उभे आहेत. उद्या पुन्हा 'पारा चाळिशीपार' अशी बातमी येईल, तेव्हा निदान दुपारच्या कामाची वेळ बदलण्याचा, पाणवठा झाकण्याचा आणि छताला चुन्याचा हात देण्याचा विचार व्हायला हरकत नाही.